चाळीस टक्क्यांवर सोयरीक

बाबांचा फोन चाळीस टक्के दाखवायचा आणि बोलता बोलता मरायचा. ही तक्रार नाही. माझ्या लग्नाची गोष्टच तिथून सुरू होते.

बाबांचा टेम्पो होता. चादरी-टॉवेलचे गठ्ठे कारखान्यातून ट्रान्सपोर्टला पोचवायचे. फोन कायम समोरच्या काचेखाली, उन्हात. सोलापूरच्या एप्रिलात तिथं पापड भाजून निघाला असता, बॅटरीची काय कथा. ती फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, तर बाबांनी त्यावर रबरबँड चढवला. दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटरी थकलीय, आकडा दाखवते पण जोर पडला की बसते, बदलून टाका. बाबांचं उत्तर ठरलेलं, "चालतोय की अजून." आमच्या घरात वस्तू स्वतः हात जोडेपर्यंत तिला सुट्टी नसते.

अशात दुधनीहून मला बघायला मंडळी आली, मुलगा, त्याची आई आणि वडील, ज्यांना तो अप्पा म्हणायचा. डाळीचं दुकान, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. दोघांनी बोलावं म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. मी तयारीनं विचारलं, "तुम्हाला काय काय आवडतं?" तो गंभीरपणे म्हणाला, "आत्ता काहीच आठवत नाही, लई घाबरलोय." मला असं हसू फुटलं की वाळत घातलेल्या सांडग्यांवर बसता बसता वाचले. मग तोही हसला. जिना उतरताना माझे पाय काही जमिनीला लागत नव्हते. मला हाच हवा होता, दुसरा कुणी नको.

दोन दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. "मुलगी आमाला..." एवढं बोलल्या आणि फोन बंद. बाबा गठ्ठे भरायच्या गडबडीत होते. रात्री घरी येऊन चार्जिंगला लावला आणि म्हणाले, "करतील परत." कुणी केला नाही. आठवडा गेला. मी भाजीत दोनदा मीठ घातलं, एकदा अजिबात घातलं नाही.

आमच्याकडं सोयरिकीला नकार तोंडानं देत नाहीत. फोन बंद ठेवतात. समोरचा समजून जातो, राग धरत नाही, पुढं कुणाच्या लग्नात भेटले तर एकमेकांना आग्रह करकरून वाढतात. आणि मुलीकडच्यांनी आपणहून विचारायचं नसतं. त्यामुळं दुधनीत ते गप्प आणि सोलापुरात आम्ही गप्प, दोन्हीकडं शिष्टाचार अगदी चोख.

शेवटी स्थळ सुचवणारा जेऊरचा मामा आईच्या फोनवर कडाडला, "नकोच हुतं तर मला आधी सांगायचं की. ते दुसरी मुलगी बघायला निघालेत उद्या."

बाबांनी आईच्या हातातून फोन घेतला. "अरं, फोन मेला हुता. आमी न्हाय."

लगेच फोन करायचं ठरलं. नेमकी लाईट गेलेली, फोनमध्ये त्रेसष्ट टक्के. मी म्हटलं, माझ्या फोनवरून करा. बाबांनी मान हलवली. मुलीच्या नंबरावरून मुलाकडं फोन गेला तर लोक काय म्हणतील? आईच्या फोनवरूनही नको, बोलणं बापानंच करायचं असतं आणि ते बापाच्याच फोनवरून.

त्याच्या आईनं उचलला. आता बाबांनी सरळ मुद्द्यावर यावं की नाही? पण सोयरिकीचं बोलणं असं एकदम काढत नाहीत. बाबांनी ऊन विचारलं. पाणी येतंय का विचारलं. एकोणसाठ. तुरीचा भाव विचारला, तो त्यांनी सविस्तर सांगितला. बावन्न. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी झाली, दोन्ही गुडघ्यांची, वेगवेगळी. शेहेचाळीस. बाबा फोन तोंडासमोर धरून बोलत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून आकडा बघत होते. बाबा म्हणाले, "आणि गुरंढोरं?"

मी फोन हिसकावला.

"आमचा फोन जुना आहे, तो आपोआप बंद पडतो, आम्ही बंद केला नव्हता," मी एका दमात ओरडले, "मला मुलगा पसंत आहे, लई पसंत आहे, उद्या कुठं जाऊ नका."

बघते तर पडदा काळा. त्यांनी ऐकलं की नाही, आणि ऐकलं तर कुठपर्यंत, काही कळेना. आईनं पदर तोंडाशी धरला. ती रडतेय असं मला वाटलं, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"टेम्पोत चार्जर हाय," बाबा म्हणाले आणि चपला न घालताच पळाले. आम्ही तिघं केबिनमध्ये कोंबून बसलो. बाबांनी गाडी चालू केली. फोनला जीव यायला किती वेळ लागला, देव जाणे. मी तोवर घामानं आणि लाजेनं भिजून गेले होते.

फोन उठला आणि उठल्या उठल्या वाजला. तोच होता.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "आईनं फोन स्पीकरवर ठेवलेला. दुकानात गिऱ्हाइकं होती, हमाल होते. सगळ्यांना ऐकू आलं."

मी कपाळावरचा घाम पुसला.

"आता आई म्हणतीय, परत एकदा सांगायला लाव. अप्पा आत जेवत होते, त्यांचं राहिलं ऐकायचं."

मग मी परत सांगितलं, आईबापाच्या मधोमध बसून, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. बाबांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं आणि मधेच गाडी बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला.