निर्गुडीचं मधलं फूल

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाडाचं कुळ नाकाने ओळखायची पद्धत होती. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी प्रत्येक टेबलावर पाण्याच्या बाटलीत एक फुललेली डहाळी ठेवलेली असायची. मुलं आत शिरता शिरताच वास घ्यायची, पानांची मांडणी बघायची, आणि स्टुलावर बसायच्या आत कुळ ठरलेलं असायचं. मग उत्तरपत्रिकेत आधी कुळाचं नाव लिहायचं आणि नंतर वरच्या मोकळ्या जागेत खोड, पान, फूल यांची त्या कुळाला शोभतील अशी लक्षणं भरायची. फूल चिरायचं, पण अगदी शेवटी, आकृती काढून झाल्यावर. आधी लग्नाची तारीख काढावी आणि मग मुलगी बघायला जावं, तसला हा प्रकार. मला त्याचा संताप यायचा. अजूनही येतो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची. आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादकडच्या मळ्यात. फुलं पिकवून गणेशवाडीच्या बाजारात घालायची, हा घरचा धंदा. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच मुलगी, आणि मला त्यापुढेही शिकायचं होतं. पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं, वनस्पतींच्या वर्गीकरणातच काम करायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांनी एका सकाळी हार भरायच्या टोपल्यांपाशी उभं राहून निकाल देऊन टाकला होता. "फर्स्ट क्लास आला तर पुण्याला धाडीन. नाय आला, तर मग मला काय बोलायचं नाय." अण्णा दिलेला शब्द फिरवत नसत. चांगला नाही, तसा वाईटही नाही.

मळ्यातल्या पोरीला फूल कसं उमलतं हे शिकवावं लागत नाही, कारण चुकलं की बोलणी खावी लागतात. निशिगंधाच्या दांड्यावर हात खालून घालायचा. तिथली फुलं आधी तयार होतात आणि रोज एकेक पायरी वर चढतात. मोगऱ्याचं उलट. तीन कळ्यांचा घोस असेल तर मधली आधी भरते, तीच खुडायची आणि बाजूच्या दोघींना राहू द्यायचं. मी लहानपणी सरसकट ओरबाडायची, तेव्हा आई म्हणायची, "आगं, लेकरं कशाला तोडतीस? मधली थोरली हाय, ती घे." तेव्हापासून कुठलाही फुलोरा दिसला की मी आधी त्यातली थोरली शोधते.

शेवटच्या वर्षी वर्बिनेसी हे कुळ आम्हाला शिकवलं ते आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी. मॅडम फार छान शिकवत. माझ्यावर त्यांचा जीव होता आणि माझा त्यांच्यावर. कोवळं खोड चौकोनी, पानं समोरासमोर, फूल दोन ओठांचं नाहीतर थोडं वाकडं, पुंकेसर चार, त्यातले दोन लांब आणि दोन आखूड. इथपर्यंत सगळं तुळशीच्या कुळासारखंच. मग दोघांत फरक काय, तर बीजांडकोशात, म्हणजे फुलाच्या बुडाशी ज्याचं पुढे फळ होतं त्या गाठीत. तुळशीत त्याचे चार ठळक भाग पडतात आणि कुक्षीवृंत, म्हणजे ती वर जाणारी बारीक दांडी, त्या चौघांच्या मधून पार बुडापासून निघते. वर्बिनेसीत बीजांडकोश अखंड गोळा असतो आणि दांडी त्याच्या डोक्यावरून निघते. फळ बहुतेक बोरासारखं, आत आठळी. एवढ्या एका दांडीच्या भरवशावर या कुळात कोण कोण बसवलं होतं! डोंगरातला साग, शिवण, त्र्यंबकच्या वाटेवर पावसाळ्यात निळी फुलणारी भारंगी, ओढ्याकाठची निर्गुडी, बंगल्यांच्या कुंपणाचा डुरांटा, कुंडीतला वर्बिना, नदीच्या ओलीत पसरणारी जलपिंपळी, आणि जिला कोणी दारात उभं करत नाही ती घाणेरी. मोठ्या गटापासून कुळापर्यंतच्या नावांची उतरंड आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो: गॅमोपेटॅली, बायकार्पेलेटी, लॅमिएलीज, वर्बिनेसी.

आमच्या बांधावर निर्गुडी होती. आजूबाजूच्या बायका गुडघ्यांना शेक द्यायला तिचा पाला न्यायच्या. कुंपणाला घाणेरी तर माजलीच होती. एका रविवारी मी दोघींचे फुलोरे तोडून ओसरीवर घेऊन बसले. घाणेरीच्या झुपक्यात कडेची फुलं आधी उमलली होती, कळ्या मधे दाटलेल्या होत्या. म्हणजे निशिगंधाचीच चाल, फक्त दांडा दाबून चपटा केलेला, त्यामुळे खालची फुलं कडेला आलेली. निर्गुडीचा लांब तुरा लांबून तसाच वाटतो, पण भिंगाखाली धरला तर वेगळंच दिसलं. तुऱ्यावर समोरासमोर बारीक बारीक घोस, आणि प्रत्येक घोसात मधलं फूल आधी उमललेलं. मोगऱ्याची चाल. मग मी अंगणातल्या तुळशीची मंजिरी बघितली. त्या फुलांच्या कड्यातही मधलं फूल पुढे, बाजूची मागे. निर्गुडी तुळशीकडची दिसत होती. घाणेरीशी तिचं काही जुळत नव्हतं, दांडी भले कुठूनही निघो.

आमच्या वर्गात मात्र वर्बिनेसीच्या सगळ्याच झाडांचा फुलोरा 'कडेकडून उमलणारा' असाच लिहायची पद्धत होती. कधीतरी कोणी तरी घाणेरी बघून ते आपल्या जर्नलमध्ये लिहिलं होतं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाने मागच्या वर्षाचं जर्नल उतरवून काढलं होतं. सही-शिक्का झालेलं जर्नल म्हणजे वेदवाक्य. मी सोमवारी मॅडमना माझं म्हणणं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "छान बघितलंस. परीक्षेत मात्र असलं काही लिहू नकोस हं."

आणि परीक्षेत माझ्या टेबलावर नेमकी निर्गुडीच आली. वासावरूनच मी ती ओळखली.

मी पद्धत मोडली. आधी फूल चिरलं, छेद घेतला, आकृती काढली, फुलाचं सूत्र लिहिलं आणि शेवटी कुळाकडे वळले. प्रश्नात 'कारणांसह वर्गीकरण करा' असं होतं. अभ्यासक्रमातल्या पद्धतीने हे वर्बिनेसी, असं मी सरळ लिहिलं, कारणंही दिली. नंतर खाली दोन ओळी जोडल्या: या झाडाच्या घोसात मधलं फूल आधी उमलतं, ते तुळशीच्या कुळाशी जुळतं आणि घाणेरीशी जुळत नाही, म्हणून या दोघींना एका कुळात ठेवणं मला शंकास्पद वाटतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण स्पष्ट लिहिलं.

बाहेरचे परीक्षक दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजातले होते. तोंडी परीक्षेला ते माझा कागद घेऊनच आले. शेजारी मॅडम उभ्या.

"हा अभिप्राय कोणी विचारलाय?"

"सर, कारणं लिहा असं आहे."

"कारणं म्हणजे त्या कुळात का आहे याची. का नाही याची नव्हेत."

मी म्हटलं, "सर, डहाळी इथेच आहे. तुम्ही भिंग लावून बघा. मधलं फूल आधी उमललेलं नसेल तर मी आत्ता खोडते."

त्यांनी डहाळीकडे बघितलं नाही. माणूस खरं तर वाईट नव्हता, उन्हाने आणि तपासणीने कंटाळलेला होता. त्यांनी आपलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "बाळ, बाकीचं काम तुझं फार सुंदर आहे. या दोन ओळी खोड. मला पूर्ण गुण देता येतील." मॅडम त्यांच्या मागून मला मानेने खुणावत होत्या, खोड, खोड म्हणून. त्या दोन ओळींच्या पलीकडे पुणं होतं, हे मला दिसत होतं आणि मॅडमनाही ठाऊक होतं.

 मी हात मागे बांधून घेतले. "नाही सर," मी म्हटलं, "मला दिसलंय ते मी लिहिलंय."

"मग विषयच मिटला," म्हणत त्यांनी पेन खिशाला लावलं.

निकाल लागला. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. लेखी परीक्षेत कुठे काही कमी नव्हतं. गुण प्रात्यक्षिकात कापले गेले होते, आणि का कापले गेले हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मैत्रिणी सांत्वनाला आल्या आणि जाता जाता मलाच शहाणपण शिकवून गेल्या. आई म्हणाली, "येवढं खोडाया काय जात होतं तुझं?" रात्री जेवण झाल्यावर अण्णांनी विषय काढला. म्हणाले, "दोन वळी खोडल्या असत्या तर हात मोडला असता का?"

मला रडू येत होतं, पण मी भांडले. "अण्णा, व्यापाऱ्यानं सांगितलं, कालची फुलं आजची म्हणून घाला, तर घालाल तुम्ही?"

"ते येगळं."

"कसं वेगळं?"

अण्णा उठून टोपल्या आवरायला गेले. शब्द काही फिरवला नाही. मी पुण्याला गेले नाही.

वाईट वाटलं का? फार वाटलं. त्या वर्षी पुण्याची एसटी नुसती रस्त्यात दिसली तरी मी तोंड फिरवायची. पण मी कोपऱ्यात मुसमुसत बसले नाही. नाशिकमध्येच बी.एड. केलं आणि नाशिक रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझ्या वर्गात एक नियम मी पहिल्या दिवसापासून केला: झाडाचं नाव शेवटी. नाव सांगितलं की पोरं बघायची थांबतात. शाळेला डुरांटाचं कुंपण होतं, रिकाम्या प्लॉटवर घाणेरी होती, त्यावर माझं भागत असे. मुलं काटे टोचून घेत आणि पालक तक्रारी आणत. मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून विचारलं, की पुस्तकात चित्र असताना ही घाण वर्गात कशाला? मी म्हटलं, चित्रातलं फूल उमलत नाही.

दोन हजार सालानंतर केव्हा तरी शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात पाहुणे प्राध्यापक सहज सांगून गेले, की वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करून आता कुळांची फेरमांडणी झाली आहे. वर्बिनेसी फार लहान झाली म्हणे. साग, शिवण, भारंगी, निर्गुडी, सगळी तुळशीच्या कुळात गेली. मागे राहिली घाणेरी, डुरांटा, जलपिंपळी, वर्बिना आणि त्यांचे सोयरे. आणि हे दोन गट ओळखायच्या खुणांत फुलोऱ्याची चालही धरतात. मी भर सभागृहात मोठ्याने हसले. शेजारच्या बाई दचकल्या.

त्या रविवारी मळ्यात जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा आता थकले होते, मोगऱ्याच्या ताटव्याजवळ खाट टाकून बसलेले असत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी तुझं खरं होतं."

"हो."

"मग आता ते मार्क देत्याल का?"

"नाही हो अण्णा."

"मग येवढी खूश कशापायी हायेस?"

 तिथून तशीच मी गंगापूर रोडला मॅडमकडे गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांना बातमी आधीच कळलेली होती. त्यांनी मला जवळ बसवलं, चहा केला आणि कौतुकाने म्हणाल्या, "तू बरोबर होतीस गं. पण एक सांगू? त्या दिवशी खोडलं असतंस ना, तर पुण्याला गेली असतीस. हे जे आज सगळे शिकतायत, त्यात कदाचित तुझंही काम असतं."

माझ्या मनाला हे झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं. मीही अनेकदा तेच बोलले होते स्वतःशी. पण मी म्हटलं, "मॅडम, खोडून गेले असते तर तिथेही कोणीतरी पेन पुढे केलंच असतं. आणि खोडायची सवय मी नाशिकहूनच घेऊन गेले असते."

त्यांनी आपला कप खाली ठेवला. मग कपाकडे बघत म्हणाल्या, "तू मला त्या सोमवारी सांगितलंस ना, त्याच संध्याकाळी मी निर्गुडीची फांदी घरी आणून बघितली होती. मधलंच फूल आधी होतं."

म्हणजे त्या परीक्षेच्या टेबलापाशी मी एकटी नव्हते. दोघींनी बघितलं होतं. बोलले मी एकटी.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी "जाऊ द्या हो मॅडम" म्हणायची आपल्याकडे रीत आहे, आणि माझा त्यांच्यावर जीव होता, आहे. मी चहा संपवला, त्यांच्या पाया पडले आणि तसं न म्हणताच घरी आले.