दहा वाजून तीन मिनिटं

संगमनेरच्या एका डेअरीत मी दुधाचं फॅट तपासते. घर ते डेअरी सहा किलोमीटर, आणि सोळा वर्षं झाली, मी सायकलनंच जाते. लेडीज सायकल, पुढं जाळीची टोपली, टोपलीत डबा. वेग वगैरे मी कधी मोजला नव्हता. कामाची पाळी सुरू व्हायच्या आत पोचलं की झालं.

आमच्या बिल्डिंगमध्ये बँकेत काम करणारी एक मैत्रीण राहते. तिनं नवी गिअरची सायकल घेतली आणि मला ओढतच गावातल्या सायकल क्लबात नेलं. "तू रोज चालवतेस, तुला काय अवघड आहे?" म्हणाली. क्लबाचे कॅप्टन एका क्लासचे सर होते. परदेशी सायकल, अंगाला चिकटलेले कपडे, बोलणं सगळं सरासरी वेगाचं आणि सायकलच्या वजनातल्या ग्रॅमचं. पहिल्या रविवारी माझी टोपली बघून ते मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, राईडला आलात की भाजी आणायला?" सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

दोन महिन्यांनी क्लबाची पन्नास किलोमीटरची राईड होती. वेळेत पूर्ण करणाऱ्याला मेडल. मी निम्म्याहून जास्त अंतर नीट पार केलं होतं. मग मैत्रिणीच्या सायकलची चेन निघून आत अडकली. ती रस्त्याच्या कडेला रडकुंडीला आली होती. मी बसून चेन सोडवली, बोटं काळी केली आणि तिला म्हटलं, "तू हो पुढं, तुझी सायकल पळते." ती वेळेत पोचली. मला सहा मिनिटं उशीर झाला.

मैत्रिणीनं सरांना सगळं सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. सरांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. "नियम म्हणजे नियम. ही राईड आहे, समाजसेवा नाही."

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित विसरलेही असते. संध्याकाळी नवऱ्यानं त्याचा मोबाईल माझ्यापुढं धरला. क्लबाच्या ग्रुपवरचा फोटो फिरत फिरत त्याच्या मित्रांपर्यंत पोचला होता. घामानं थबथबलेली मी, टोपली, वाकडी झालेली ओढणी. खाली सरांनी लिहिलं होतं, 'आमची डेअरी एक्स्प्रेस, नेहमीप्रमाणे लेट.' नवरा म्हणाला, "जाऊ दे, सोड तो ग्रुप."

मी ग्रुप सोडला नाही. सूड घ्यायचा तर माणसाच्या जवळ राहावं लागतं. मी सरांना 'गुड मॉर्निंग' पाठवत राहिले. राईडच्या दिवशी केळी वाटली, पाणी भरलं, नावं लिहून घेतली. वर्षभरात माझ्याइतकी कामाची बाई क्लबात दुसरी नव्हती. सरांची त्या वर्षीची चार मेडलं झाली होती आणि पाचवं मिळालं की वर्षाची मोठी ट्रॉफी होती. पाचव्या राईडला कोल्हारच्या चेकपॉइंटवर बसायला कुणी तयार होईना. मी हात वर केला.

दहा वाजता वेळ संपत होती. टेबलाशी मी, प्रत्येकाच्या कार्डावर वेळ लिहून मारायचा शिक्का आणि माझ्या मदतीला एक निवृत्त काका. साडेनऊपर्यंत बहुतेकजण शिक्का घेऊन परत फिरले होते. सरांचा पत्ता नव्हता. शिक्का घ्यायला आलेला एक गडी सांगून गेला, सर नाशिकहून आलेल्या दोन तरण्या पोरांच्या नादी लागून सुरुवातीलाच भन्नाट सुटले आणि लोणी गावाच्या पुढं पायात गोळे येऊन बसले. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. देवाकडं मी सहसा काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं.

सर आले तेव्हा दहा वाजून तीन मिनिटं झाली होती. उतरताना पाय धरून कळवळले आणि कार्ड पुढं केलं.

"सर, वेळ संपली."

"अहो मॅडम, तीनच मिनिटं. मध्ये उसाच्या ट्रॉल्या होत्या. दहाच टाका ना."

काका हळूच म्हणाले, "ताई, टाकून टाका. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हटलं. कार्डावर सावकाश दहा वाजून तीन मिनिटं लिहिलं, शिक्का मारला नाही. "नियम म्हणजे नियम, सर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. काय घडतंय ते त्यांना कळलं, हे मला दिसलं. वर्षभराची केळी त्या एका नजरेत वसूल झाली.

त्यांना सायकल चालवणं शक्य नव्हतं. आमच्या डेअरीचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन त्याच रस्त्यानं संगमनेरला जाणार, हे मला ठाऊक होतं. मी तो थांबवला. ड्रायव्हरनं सरांची सायकल एका हातानं उचलून कॅनच्या मध्ये ठेवली. "ताई, काय बी वजन न्हाई हिला. आपला कॅन जड हाय." सर पुढं बसले, गुडघे छातीशी घेऊन. मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

संध्याकाळी एकानं हसरा चेहरा टाकला, मग धडाधड पडत गेले. सरांनी ग्रुप सोडला. मैत्रीण मला म्हणाली, "फोटो टाकायला नको होतास. शिक्का नाही दिलास ते ठीक होतं." आमचं त्यावरून वाजलं, आणि तिचं बरोबर असेलही. पुढं सरांच्या पत्नी डेअरीच्या दुकानात भेटल्या. ते सायकलला हातच लावत नाहीत, म्हणाल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मी तूप घेतलं आणि घरी आले. त्या रात्री जेवण छान गेलं.

आता सर पुन्हा चालवायला लागलेत, एकटेच. पाळीला जाताना प्रवरेच्या पुलावर कधी कधी समोरून येतात. ते मान हलवतात. मी अजून हलवलेली नाही.