मास्तरांची खुर्ची

रत्नागिरीला आमच्या शाळेत मी गणित शिकवी आणि मास्तर संस्कृत. सुट्टीचा पगार द्यावा लागू नये म्हणून संस्था त्यांना दर एप्रिलअखेर कमी करी आणि जूनमध्ये परत घेई. हंगामी मास्तराला शाळा खुर्ची देत नसे, तेव्हा त्यांनी घरचीच वेताची खुर्ची आणून ठेवली होती. नोकरी गेली की ती उलटी डोक्यावर घेऊन ते भर बाजारातून घरी जात. चेहरा मात्र वरातीत निघाल्यासारखा.

"काय मास्तर, सुटलात?" कोणीतरी विचारी.

"सुटलो हो. जूनात धरतील परत."

खुर्ची निघाली की आमच्या आळीतल्या बायका लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवीत. पंचांगापेक्षा त्यांचा भरवसा मास्तरांवर.

एका वर्षी संस्थेने त्यांना कायम केले. त्यांनी पेढे वाटले, पण शाळेने दिलेल्या नव्या खुर्चीवर फक्त छत्री ठेवली. स्वतः बसत जुन्याच खुर्चीवर. सुट्टी लागली तरी ती हलली नाही. शेजारच्या काकू काळजीने मला म्हणाल्या, "मास्तर बरे आहेत ना? कैऱ्या पिकायला लागल्या."

दोन दिवसांनी मास्तर खुर्ची डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून चालले होते.

"अहो, आता कायम झालात ना?" मी विचारले.

"मला शाळेनं कायम केलंय," खुर्चीखालून आवाज आला. "शाळेला कोणी केलंय?"

काकूंनी ओट्यावरून पाहिले आणि बरण्या बाहेर काढल्या.