शेजारच्या खुर्चीवरची दाद

मी स्कूटर घेतली ती मुद्दाम अमावस्येला... शोरूममध्ये गर्दी नसते म्हणून. यावरून माझा स्वभाव कळावा. उभी नोकरी साताऱ्यात सरकारी कचेरीत गेली. पेपरच्या या पानावरचे वाचकांचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर तिला आणखीच हसू येतंय. हसू दे. यातली एक गोष्ट मी तिलाही यंदापर्यंत सांगितली नव्हती.

सांगलीत दर जानेवारीत एक संगीत महोत्सव होतो. कृष्णेच्या घाटापासून चालत जाण्यासारखं शाळेचं पटांगण, तिथं मांडव. पुढं गाद्या, मागं खुर्च्या, बाहेर चहाचे आणि भडंगाचे गाडे. डावीकडची बाजू मोकळीच असते, त्यामुळे चहाच्या गाड्यावरून आतल्या रांगा सरळ दिसतात. शेवटच्या दिवशी, रविवारी, सकाळचं सत्र असतं आणि ते संपलं की कलाकारांसकट निवडक लोकांचं जेवण डॉक्टरांच्या घरी. डॉक्टर माझे कॉलेजपासूनचे मित्र. त्या जेवणाला बोलावणं आलं की आपण जाणकारांत जमा झालो, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा त्याचंच अप्रूप जास्त होतं.

माझ्यासोबत दाजी यायचे. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन विट्याजवळच्या गावी ऊस लावायचे. मुलगा गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायच्या दुकानावर, कोइमतूरला. उत्तरेत पोस्टिंग असताना शेजारच्या घरातला रियाज ऐकून दाजींना गाण्याचा नाद लागला होता. राग कुठला, ताल कुठला, काही कळायचं नाही. पण ऐकायचे मात्र अंग झोकून! चपला काढून, मफलर बांधून, खुर्चीवर चक्क मांडी घालून.

आणि दाद... लोक 'वा' म्हणतात, 'क्या बात' म्हणतात. दाजी उसाची ट्रॉली मागं घेताना ट्रॅक्टरवाल्याला सांगावं तसं सांगायचे. गाणारा समेकडं निघाला की पंजा आपल्याकडं हलवत — "येऊ द्या... येऊ द्या... अजून लय जागा हाय!" आणि समेवर — "बास!"

लोक माना वळवून बघायचे.

एका वर्षी जेवताना डॉक्टर म्हणाले, "काय हवालदारसाहेब, आज किती टन उतरवला?" सगळी पंगत हसली. दाजी सगळ्यात मोठ्यानं हसले. "आवं डॉक्टर, गाडी म्या नीट लावून दिली. वजन तुमी करा की!"

मी हसलो नाही. मान खाली घालून भात कालवत बसलो.

पुढच्या वर्षी मी त्यांना फोन केला. "दाजी, यंदा पासच मिळाले नाहीत. मीपण जात नाही." ते म्हणाले, "आसूं द्या पाव्हणं. फुडच्या वर्षी जाऊ." मी गेलो. सवयीनं पास दोन घेतले होते... शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून मी डॉक्टरांच्या बरोबरीनं माना डोलावत बसलो.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर दाजी गेले. झोपेतच. दिवसकार्य उरकल्यावर आक्का बोलता बोलता म्हणाली, "त्या रविवारी सांगलीला गेल्तं की ते. पास न्हाई तर न्हाई, बाहेरनं ऐकतो म्हनाले. चहाच्या गाड्यापाशी हुबं ऱ्हायल्यालं. तुला दिसलं का रं?"

माझ्या तोंडून निघालं, "मी कुठं गेलो होतो?"

मेलेल्या माणसाला फसवलं होतं, आता त्याच्या बायकोलाही. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घर करून होती — दाजींनी मला त्या पिशवीशेजारी बसलेलं बघितलं असेल का? आणि बघितलं असेल, तर माझ्याबद्दल काय मनात घेऊन गेले?

यंदा जायचं नव्हतंच. डॉक्टरांनी फारच आग्रह केला. पास पुन्हा दोन घेतले. आक्काला विचारलं, तर "मला काय कळतंय त्यातलं? तू जा," म्हणाली. रविवारी सकाळी पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवली. लोक विचारत होते, "इथं कुणी आहे का?" मी म्हणत होतो, "आहे." का म्हणत होतो, मला ठाऊक नाही.

गाणारी मुलगी धारवाडकडची, तिशीतली. सांगलीत पहिल्यांदाच आलेली. राग जौनपुरी लावला होता. आवाज जरा बसलेला वाटत होता, वर जाताना जपत होती. चांगली रंगत आली आणि वरच्या षड्जाशी येऊन ती थांबली. तानपुरे तेवढे चालू. तिनं मान वळवली, थेट माझ्या शेजारच्या खुर्चीकडं पाहिलं, छातीशी हात नेऊन हसून म्हणाली, "जी!" आणि गेली की वर... बघता बघता पंचमाला भिडली! त्यावर ती जी थांबली, काय सांगू. सगळा मांडव उठून टाळ्या वाजवत होता.

मी खुर्चीकडं पाहिलं. खुर्ची होती. बाकी काही नाही. काही ऐकूही आलं नव्हतं. पलीकडून डॉक्टर मला विचारत होते, "कुणाला 'जी' म्हणाली रे ती?"

जेवायला भरली वांगी होती, भाकरी होती. ती मुलगी गरम पाण्याचा पेला घेऊन माझ्याकडंच आली.

"तुमच्या शेजारचे काका नाही आले का जेवायला?"

"कोण काका?"

"मफलरवाले हो. खुर्चीवर मांडी घालून बसले होते. त्यांच्या पाया पडायचंय मला. घसा इतका धरलाय, मी षड्जावरूनच परत फिरणार होते. तर काका म्हणाले, येऊ द्या, अजून लय जागा हाय!" तिनं हात करून दाखवला. पंजा आपल्याकडं, बोटं हलवत. "मला इतकं हसू आलं, भीतीच गेली."

मी ताट खाली ठेवलं. विचारू नये ते विचारलं, "रागावलेले वाटले का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "रागावलेले? छे हो! इतक्या खुशीत ऐकणारं माणूस मी अजून पाहिलं नाही."

डॉक्टरांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं. तिथंच लावलं. षड्ज आहे, तानपुरे आहेत, तिचं "जी" स्वच्छ आहे. त्याआधी कुणाचाही आवाज नाही. डॉक्टरांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. तो हात कुणाचा आणि ती ट्रॉलीची बोली कुणाची, हे यंदाच्या पंगतीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "मी उगाच थट्टा करायचो रे त्यांची."

साताऱ्याची एसटी सोडून मी विट्याची धरली. आक्का ओट्यावर ऊन खात शेंगा फोडत बसली होती. तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पासाचं, पिशवीचं, तिच्याशी बोललेलं खोटं आणि सकाळचं गाणं. तिचे हात काही थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "दिसला व्हतास तू त्यास्नी."

"मग बोलली का नाहीस?"

"त्येच म्हनाले, बोलू नगं. पाव्हणं त्या मोठ्या लोकांत बसतंय, त्याला बरं वाटतंय. बाहेरनं बी झ्याक ऐकू येतं."

मी नाक पुसत बसलो. तिनंच विचारलं, "मांडी घालून बसल्यालं म्हनली ती?"

"व्हय."

आक्का तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आरं, शेवटचं वरीसभर गुडघ्यानं त्यास्नी मांडी घालू दिली न्हवती! भजनात बी पाय लांब करून बसायचं. तुला कुठनं ठावं असनार? तू आलास कवा?" मग माझ्या ओंजळीत शेंगदाणे ओतत म्हणाली, "बरा झाला म्हनायचा गुडघा."

डॉक्टर म्हणतात, मुलीच्या अंगात ताप असणार, डोळ्यांवर स्टेजचे दिवे, भास होतो. होत असेल. पण तिच्या भासाला ट्रॉली मागं घ्यायची बोली कुठून आली, हे त्यांना सांगता येत नाही आणि मलाही. मी आता त्याच्या मागं लागत नाही. परवा फोनवर मात्र आक्काला म्हटलं, एवढ्या जवळ बसून मला एक शब्द ऐकू येऊ नये, याचं वाईट वाटतं.

"त्यात काय वाईट वाटायचं?" ती म्हणाली. "आडली व्हती ती पोरगी. ऐकू तिला यायला पायजे व्हतं."