कुत्र्याचा रोग आणि आतली सोयरीक

लॅबमधल्या माणसांकडं कसले आले किस्से, असं लोकांना वाटतं. पण आम्ही जुने लोक चहाला बसलो, की एकाच्या शेपटाला धरून दुसरा किस्सा येतोच. ऐंशीच्या दशकातलं आमचं बेळगावचं रोगनिदान केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि तीन माणसं : आमचे साहेब, मालतीबाई आणि मी. तिघंही जनावरांचे डॉक्टर.

त्या वर्षी कुत्री पटापट मरायला लागली. उलट्या, रक्ताची हगवण, आणि खेळ खलास! जो तो म्हणायचा, विष घातलं. निपाणीचे एक तंबाखूवाले अण्णा मेलेलं कुत्रं जीपमधून घेऊन आले. संशय सख्ख्या भावावर! साहेबांनी आतडी तपासली आणि सांगितलं, "विष नाही अण्णा. हा रोग आहे, विषाणूचा."

अण्णा मटकन बाकावर बसले. "आन् मी भावाच्या पोरीच्या लग्नाला गेलो न्हाय की हो!"

*

हा विषाणू डुकराच्या रक्तपेशींना एकमेकींशी चिकटवतो, त्यावरून तो ओळखायचा. म्हणजे आधी डुकराचं रक्त हवं! मालतीबाई घरच्या कडक सोवळ्यातल्या. पण त्याच सांबऱ्याला डुकरं पाळणाऱ्यांकडं गेल्या आणि थर्मास भरून बसनं निघाल्या.

शेजारची बाई म्हणाली, "आक्का, च्या हाय काय? घोटभर द्या की."

"डुकराचं रक्त आहे."

बेळगाव येईपर्यंत अख्खं बाकडं एकट्या मालतीबाईंना!

*

विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. कुत्र्याच्या पेशींत आमची डाळ शिजेना. साहेब म्हणाले, "मांजराच्या मूत्रपिंडाच्या पेशी घेऊन बघू." आम्हाला हसू आलं. पण थोड्याच दिवसांत मालतीबाईंनी हाक मारली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सुजून काचेवरून सुटत होत्या. विषाणू वाढत होता! कुत्र्याला मारणारा, आणि मांजराच्या पेशीत सुखानं नांदणारा!

मालतीबाई हळूच म्हणाल्या, "जन्माचं वैर, आणि आतून सोयरीक!"

*

मग त्या विषाणूचं तोंड बघायला साहेब आणि मी बेंगळूरला गेलो. खोलीभर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. हिरवट पडद्यावर मोहरीसारखे गोल गोल दाणे दिसले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेवटी यंत्र चालवणारा कन्नड गृहस्थच म्हणाला, "इष्टेना, सार?" म्हणजे, एवढंच का?

साहेब म्हणाले, "एवढंच. आणि एवढ्यानं निपाणीपासून खानापूरपर्यंत घराघरात रडारड लावली!"

*

बेंगळूरच्याच एका मोठ्या संस्थेत पुढं विषाणूचा डीएनए काढून तुकडे केले. जांभळ्या उजेडात पट्ट्या चमकल्या. शेजारी परदेशात सापडलेल्या ह्याच रोगाच्या विषाणूच्या पट्ट्यांचा छापील फोटो ठेवला. पट्टीला पट्टी जुळली! मांजराच्या जुन्या रोगाच्या विषाणूशी ताडून पाहिलं, तर फरक अगदी थोडका. तेवढ्या फरकावर तो मांजराच्या घरातून कुत्र्याच्या घरात शिरला होता, आणि समुद्र ओलांडून आमच्या कडोलीसारख्या खेड्यातल्या उकिरड्यापर्यंत आला होता.

मालतीबाईंनी फोटो हातात घेऊन विचारलं, "ह्याला व्हिसा कुणी दिला हो?"

*

आणि जांबोटीचा धोंडिबा! जंगलाकडेला गुरं राखणारा म्हातारा. त्याचा कुत्रा वाघ्या ह्याच रोगानं गेला, तेव्हा नमुना त्यानंच आम्हाला घेऊ दिला होता. आणि मांजराच्या पेशींत वाढला तो नेमका वाघ्यातलाच विषाणू. पुढं पावसाळ्यात अर्धी वाट चालत, अर्धी बसनं, म्हातारा दारात हजर.

"माझ्या वाघ्याला कशानं न्हेलं, त्ये दावा."

साहेबांनी फोटो दाखवला. मग डीप फ्रीझर उघडून बोटाएवढी कुपी दाखवली. "धोंडिबा, वाघ्यातून काढलेलं ते हेच. आता कुठलीही लस आली, की आधी ह्याच्यावर तपासायची. म्हणजे बाकीची कुत्री वाचतील."

धोंडिबा गार वाफेकडं बघत राहिला. "म्हंजे वाघ्या हितं हाय व्हय?"

साहेबांनी कुपी जागेवर ठेवली. मग म्हणाले, "आहे."

"लई गारठा हाय की हो हितं."

साहेबांनी झाकण लावलं. धोंडिबानं खांद्यावरची घोंगडी काढली, फ्रीझरवर नीट पसरली, कडा दोन्ही हातांनी खाली खोचल्या.

"येतो रं," म्हणाला, आणि उघड्या अंगानं पावसात स्टँडकडं चालायला लागला.