हाऊजीतला आवाज

वाशीम जिल्ह्यात कारंज्याहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रिसॉर्ट आहे. लग्नाचं लॉन, काही खोल्या, एक तरणतलाव आणि पत्र्याच्या छताचा हॉल, एवढंच त्याचं स्वरूप. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी त्या हॉलमध्ये हाऊजी होते. दारावर पाटी असते: अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. नव्या माणसाला ती पाटी वाचून वेगळंच काही वाटतं. प्रत्यक्षात बक्षिसं कुकर, चादरी आणि डिनर सेटची असतात. पाटी लावावी लागली ती आकडे पुकारणाऱ्या गृहस्थांच्या जिभेमुळे.

ते आमच्या कॉलनीत राहत. समोरासमोर दारं. नोकरीत असताना ते बाजार समितीत हर्रास पुकारायचे, म्हणजे शेतमालाचा लिलाव. सोयाबीनच्या ढिगाभोवती पन्नास माणसं एकदम बोलत असताना त्यांचा एकट्याचा आवाज वर निघायचा. निवृत्तीनंतर रिसॉर्टच्या मालकांनी त्यांना हाऊजी पुकारायला बोलावलं आणि तेव्हापासून ती हाऊजी त्यांची झाली.

खेळ सगळीकडे असतो तसाच. तिकिटावर पंधरा आकडे, पुकारलेला आकडा खोडायचा, सगळे खोडून झाले की 'फुल हाऊस' म्हणून ओरडायचं. डाव तिथे संपतो. पण हे गृहस्थ आकडा स्वतः आधी सांगत नसत. ते खूण सांगत आणि थांबत. आकडा हॉलने ओरडायचा. मग ते 'बरोब्बर!' म्हणून तो पुन्हा सांगत.

"सायबाची खुर्ची सुटली, आता घरी भांडे घासा लागते."

"अठ्ठावन्न!"

"आपुन ज्या साली माणसं झालो."

"छप्पन्न!" हा आकडा आमच्या टेबलावरून सगळ्यात मोठ्याने जायचा. त्यांचं घर बौद्ध, आमचंही. दुसऱ्या टेबलांवरचे लोकही तो आता न चुकता ओरडत. बाकीच्या खुणा इथे लिहिण्यासारख्या नाहीत. बायका तोंडाला पदर लावून हसत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येत.

एक खूण मात्र हॉलसाठी नव्हती. तेवीस निघाला की ते माईक थोडा खाली घेत आणि म्हणत, "हे फकस्त आमच्या घरच्यांले मालूम हाय." मग थांबत. त्यांची पत्नी मान वर न करता, जरा वैतागल्यासारखी म्हणायची, "तेवीस." लग्नानंतर दोघं पहिल्यांदा कामरगावहून एस.टी.ने कारंज्याला आली, तेव्हा एकच सीट रिकामी होती. त्या सीटवर ती बसली आणि ते शेजारी उभे राहिले. सीटचा नंबर तेवीस. ही गोष्ट एव्हाना सगळ्या हॉलला ठाऊक होती. तरी तो आकडा दुसरं कोणी कधी बोललं नाही. नवख्या माणसाने तोंड उघडलं तर शेजारचा त्याच्या मांडीवर हात ठेवायचा.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. सकाळी अंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

उन्हाळा लागताना रिसॉर्टचे मालक त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे आले. मालक कारंज्याचेच, घराणं कापडवाल्यांचं. वहिनींनी आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. चहा झाला तरी मालक विषयाला हात घालेनात. शेवटी म्हणाले, "भाभी, एक इजाजत पाहिजे होती. भाईंचा आवाज हाय आमच्यापाशी."

ते गृहस्थ ज्या शनिवारी शेवटचे पुकारायला गेले होते, त्या संध्याकाळी रिसॉर्टच्या साऊंडवाल्याने जाहिरातीसाठी सगळं रेकॉर्ड केलं होतं. चार-पाच डाव झाले होते. त्यातून त्याने एकूण एक आकडा वेगळा कापून लॅपटॉपमध्ये ठेवला होता. लॅपटॉप आकडा काढणार, आवाज त्यांचा येणार. मालकांना यापुढची प्रत्येक हाऊजी त्याच आवाजात करायची होती.

"नवीन पुकारणारा आणून पाहिला," ते म्हणाले. "लोकं म्हणतात, हा बँकेतला कारकून दिसून राह्यला."

वहिनी हसल्या नाहीत. रेकॉर्डिंग झालं त्या संध्याकाळी त्या स्वतः हॉलमध्ये नव्हत्या. बहिणीकडे कामरगावला गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मी नाही म्हटलं तं?"

"तं त्याच मिनिटाले पुसून टाकतो. एकच हाय, दुसरीकडे कुठी नाही. खुदा की कसम."

"आंगोदर ऐकतो. एक डाव खेळून पाह्यतो. मंग सांगतो."

साऊंडवाला सोबत होता. तिशीतला माणूस. तो म्हणाला, "काकू, तेवीस नंबर आताच लावून देऊ का? मोबाईलवर आणता येते."

"नोको. असा वढून काहाले आनता त्यायले? निघाला तं निघन."

पुढच्या शनिवारी आम्ही त्यांना आमच्या गाडीतून नेलं. त्यांनी मोतिया रंगाचं लुगडं नेसलं होतं आणि पर्समध्ये चष्म्याचं घर दोनदा तपासलं. शेलूबाजार सोडल्यावर त्यांनी माझ्या पत्नीला विचारलं, "वं, आवाज लय मोठा ठेवतात का तिथिसा?" पत्नी म्हणाली, नेहमीसारखाच. त्यावर त्यांनी काच वर केली.

हॉल भरला होता. आवाजाची बातमी आधीच पसरली होती. स्टेजवर मधोमध माईकचा स्टँड होता, त्याच्यामागे कोणी नव्हतं. साऊंडवाला बाजूला, पंख्याखाली लॅपटॉप घेऊन बसला होता. मालकांनी दोन वाक्यांत काय होणार ते सांगितलं. वहिनींचा उल्लेख केला नाही, पण लोक आमच्या टेबलाकडे वळून पाहत होते.

दोन्ही स्पीकरमधून एकदम आवाज आला. "बसा बापाहो, बसा. खुर्च्या लगनाच्या हाय, मोडल्या तं नवरदेवाले उभं राहा लागन."

हॉलमधल्या काही लोकांनी मागे पाहिलं. ते ज्या दाराने येत, त्या दाराकडे. वहिनींनी तिकीट सरळ केलं आणि पेनचं टोपण काढलं.

पहिले काही आकडे कोणी ओरडलं नाही. आवाज खूण सांगायचा, थांबायचा, आणि मग शांततेला उद्देशून म्हणायचा, 'बरोब्बर!' साऊंडवाल्याने थांबण्याच्या जागा कापल्या नव्हत्या. त्याच्या हिशेबाने ते योग्यच होतं. लोकांना उत्तर द्यायला जागा हवी, नाहीतर त्या हाऊजीत राहिलं काय? त्या रिकाम्या जागांत त्या जुन्या संध्याकाळचा हॉल मात्र पुसट ऐकू येत होता. तेव्हाचं उत्तर लांबून आल्यासारखं येत होतं. कोणी खुर्ची ओढत होतं. ताटं वाजत होती. एक बाई खोकत होती आणि तीच बाई आता आमच्या मागच्या टेबलावर बसली होती.

मग अठ्ठावन्न आला आणि एका कोपऱ्यातून सवयीने उत्तर गेलं. पुढच्या आकड्याला दहा-बारा लोक ओरडले. छप्पन्नला सगळा हॉल ओरडला, वहिनीही. त्यानंतर खेळ खरोखर सुरू झाला. त्यात एका आकड्याआधी आवाज म्हणाला, "मागचे मास्तर, झोपले का गा?"

मागच्या टेबलावरून मास्तर ओरडले, "जागाच हाय ना बापा!"

"मंग घोरते कोन?" आवाज म्हणाला.

हशा झाला. बायका टेबलावर हात आपटत होत्या. हशा ओसरला तेव्हा मास्तर अर्धवट उभे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि ते खाली बसले. शेजारच्याने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र त्या वेळी बरं वाटल्याचं दिसत होतं. त्या माझ्या पत्नीच्या कानाशी म्हणाल्या, "हायेतच की वं ते." मालक भिंतीशी उभे राहून हे पाहत होते. त्यांना होकार मिळाल्यासारखाच होता.

डाव अर्ध्यावर आला असेल, तेव्हा आवाज खाली आला.

"हे फकस्त आमच्या घरच्यांले मालूम हाय."

हॉलमधला प्रत्येक माणूस गप्प झाला. वहिनींनी मान वर केली नाही. नेहमीच्याच वैतागलेल्या स्वरात त्या म्हणाल्या, "तेवीस."

पुढे 'बरोब्बर' यायला हवं होतं. आलं नाही. आवाज थांबलेलाच राहिला. दुसऱ्या कुठल्याही आकड्याला तो इतका थांबला नव्हता. स्पीकरमध्ये तो जुना हॉलही गप्प बसलेला ऐकू येत होता.

"नाही आल्या वाटते आज," आवाज म्हणाला.

वहिनींनी मान वर केली. "म्हटलं ना मी. तेवीस."

"कामरगावले गेल्या हायेत, बहिणीकडे. मी म्हटलं, संध्याकाळलोक वापस येतीन." पुन्हा थांबणं. "बरं, तुमी कोनी नोका सांगू. मीच सांगतो आज. तेवीस."

स्पीकरमधला हॉल हसला. आमच्या हॉलमध्ये कोणी हसलं नाही. लॅपटॉपने लगेच पुढचा आकडा काढला आणि आवाज नेहमीच्या चढ्या सुरात दुसरी खूण सांगू लागला. साऊंडवाल्याने हा तुकडा कापताना ऐकला होता. त्यात काही वावगं आहे असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. आता तो आमच्या टेबलाकडे पाहत होता आणि त्याचा हात बटणावर होता.

मालक वहिनींच्या खुर्चीपाशी येऊन उकिडवे बसले. "भाभी, बंद करू?"

"डाव अर्धा नाही टाकत ते. होऊ द्या." मग त्या म्हणाल्या, "हा डाव झाला का पुसून टाका."

"फकस्त तेवीस काढून टाकू. बाकीचं—"

"ते माही वाट पाहून राह्यले तिथं. दर महिन्याले त्यायले अशीच वाट पाहा लावू का मी? पुसून टाका सारं."

मालकांनी मान हलवली. ते उठून साऊंडवाल्याकडे गेले आणि त्याच्या कानात बोलले. काही मिनिटांत ही गोष्ट टेबलाटेबलाने हॉलभर गेली: हा डाव संपला की आवाज पुसणार.

यानंतर कोणी आकडा ओरडलं नाही. आवाज खूण सांगे, थांबे, 'बरोब्बर!' म्हणे. पेनं कागदावर चालत होती. माझ्या पत्नीचा एकच आकडा राहिला होता. तोही निघाला. तिने तो खोडला, तिकीट उलटं केलं आणि त्यावर हात ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं.

"मी नाही बोलत," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले बोलू द्या."

दुसरं कोणी बोललं नाही. मागच्या टेबलावर मास्तरांनी पेन खिशाला लावून टाकलं होतं. पलीकडे एक बाई तिकिटाची घडी करत होती. अनेकांची तिकिटं भरली असणार हे उघड होतं, कारण आकडे निघतच होते आणि फार थोडे उरले होते. 'फुल हाऊस' म्हणणारा माणूस त्या आवाजाला कायमचा गप्प करणार होता. अठरा वर्षांवरची एवढी माणसं कुकरचं बक्षीस समोर असून मान खाली घालून बसली होती.

आवाजाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो रंगात आला होता. एका आकड्याला त्याने बायकांची एक खूण सांगितली, तिच्यावर एरवी हॉल डोक्यावर घेतला जायचा. स्पीकरमधला हॉल हसून हसून खोकला. मग पुढचा आकडा, पुढचं थांबणं, पुढची शाबासकी.

साऊंडवाल्याने मालकांना बोटांनी दाखवलं की आता चारच उरलेत. ते चार आकडे निघाले असते तर आवाज आपोआप संपला असता, आणि तो कोणी संपवला असं झालं नसतं. बहुतेकांना तेच हवं होतं.

वहिनी उभ्या राहिल्या. खुर्ची मागे सरकली आणि भिंतीला लागली.

"फुल हाऊस," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

साऊंडवाल्याने बटण दाबलं. आवाज एका खुणेच्या मधोमध तुटला.

नियमाप्रमाणे तिकीट तपासावं लागतं. ते चुकीचं निघालं तर बाद होतं आणि डाव पुढे चालू राहतो. साऊंडवाला खाली आला. वहिनींनी तिकीट त्याच्या हातात दिलं. मी शेजारी होतो, मला ते दिसत होतं. तेवीसवर काट होती. त्यानंतर निघालेला एकही आकडा त्यांनी खोडलेला नव्हता. निम्मं तिकीट कोरं होतं. साऊंडवाल्याने ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"ठीक हाय, काकू," तो म्हणाला.

तो लॅपटॉप घेऊन आमच्या टेबलावर आला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, म्हणजे त्यांना पुसताना पाहता यावं. त्यांनी ती हाताने परत त्याच्याकडे फिरवली.

"मले नोको दाखवू. झालं का तेवढं सांग."

त्याने काही वेळ काम केलं. एकदा मालकांकडे पाहिलं. मालकांनी मान हलवली.

"झालं, काकू."

वहिनींनी पेनला टोपण लावलं, पण त्या उठल्या नाहीत. स्टेजवरच्या स्पीकरकडे पाहत बसल्या. मालकांनी कुकरचं खोकं आणून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि ते मागे जाऊन उभे राहिले. गाडीची किल्ली माझ्या हातात होती. मी ती पुन्हा खिशात टाकली आणि बसून राहिलो.