सासऱ्यांच्या कवितांचं वाण

माझे सासरे निवृत्त झाले आणि कवी झाले. डोंबिवलीत या आजारावर औषध नाही. ते लांबून येताना दिसले की सोसायटीच्या कट्ट्यावरचे ज्येष्ठ नागरिक गुडघेदुखी विसरून उठायचे. शेवटी त्यांनी माणसांचा नाद सोडला, कॉम्प्युटरला माइक लावला आणि आपल्या कविता आपल्याच आवाजात रेकॉर्ड करायला घेतल्या.

बॅकअपच्या बाबतीत मात्र ते फार काटेकोर. महत्त्वाच्या गोष्टीची दुसरी प्रत हवी, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दर रविवारी आंघोळ करून ते सगळ्या कविता सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर उतरवायचे आणि समाधानाने नाश्त्याला बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "एवढं जपताय, पण चोरून नेणार कोण?"

एका संक्रांतीला त्यांनी हट्ट धरला, की हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या नकोत, कवितांचे पेन ड्राइव्ह वाण म्हणून द्यायचे. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. पण जांभळ्या खणाच्या तुकड्यांच्या इवल्या पिशव्या त्यांनीच शिवल्या, तोंडाला टाके घालून. ऐन वेळी एक बाई जास्त आली, तर घरासाठी ठेवलेला पेन ड्राइव्हही देऊन टाकला. "घरात हे आहेतच की," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी सासरे वारले. वर्षश्राद्ध झालं आणि थोड्याच दिवसांत कॉम्प्युटरही गेला. माझा नवरा ठाण्यात आयटीत आहे, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरला कधी हात लावत नाही. त्याने त्या दिवशी लावला आणि सांगितलं, हार्ड डिस्क गेली.

मी म्हटलं, "जाऊ दे ना, डीवर आहे सगळं."

"अगं, सी आणि डी एकाच डिस्कवर. खोलीत पार्टिशन घातलेलं. खोलीच पडली तर पार्टिशनचं काय घेऊन बसलीस?"

रिकव्हरीच्या दुकानानेही हात टेकले. फोनमध्ये लग्नाकार्यांचे व्हिडिओ होते, पण त्यांत डीजेशिवाय कुणाचा आवाज नव्हता. सासूबाई सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचा आवाज आता कुठेच नाही?" जन्मभर 'अहो, पुरे' म्हणणाऱ्या बाईने हे विचारलं आणि मला भडभडून आलं.

मला वाणातले पेन ड्राइव्ह आठवले. सासूबाईंना ते पटेना. "दिलेलं वाण परत मागतात का कुठे?" मी म्हटलं, परत नाही, कॉपी करण्यापुरतं उसनं. आणि निघाले. कोपरच्या मावशींनी कविता पुसून गाडीतली गाणी भरली होती. भजनी मंडळातल्या एकींनी तो नातीच्या शाळेच्या प्रोजेक्टला दिला होता. बाकी सगळ्यांनी पुढच्या संक्रांतीला तो वाण म्हणून दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. "इतकं गोड पॅकिंग होतं गं, उसवायला जीव होईना." आमच्याकडची वाणं अशीच फिरतात. एक प्लास्टिकचा ट्रे माझ्याकडे दोनदा आलाय.

मग यंदाच्या संक्रांतीला शहाडला मामेबहिणीकडे हळदीकुंकू होतं. तिने माझ्या हातावर वाण ठेवलं. जांभळ्या खणाची पिशवी.

"हे तुला कुणी दिलं?"

"आठवत नाही गं. मलाही असंच आलेलं. काय आहे आत?"

टाके सासूबाईंचेच होते, एकही उसवलेला नव्हता. इतकी घरं फिरून आलं, पण आत काय आहे हे कुणाला बघावंसंही वाटलं नव्हतं. क्षणभर संताप आला. मग लक्षात आलं, बघितलं असतं तर पुसलंच असतं. त्या सगळ्या निरुत्साही बायकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

घरी येऊन आधी नवऱ्याला कामाला लावलं. एक प्रत नव्या डिस्कवर, एक ठाण्याला नणंदेच्या घरी पाठवायला. मगच सासूबाईंना बोलावलं.

स्पीकरवर सासरे खाकरले. कढीपत्त्यावरची कविता सुरू झाली. मधेच मागून बाईचा आवाज आला, "अहो, पुरे. पोहे गार होतायत." सासरे "झालंच" म्हणाले आणि आणखी दोन कडवी वाचली.

सासूबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. संपल्यावर डोळे पुसले.

"कविता वाईटच आहे," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "परत लाव."